ऐवजी वाचावे

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या माळ्यावर,
लिफ्ट कायमची बंद असलेल्या इमारतीत,
माझं टेबल आहे. टेबलावर पुस्तक,
आणि पुस्तकात जगातल्या झाडून साऱ्या वस्तू,
अठ्ठ्याण्णव प्रकरणांत.

घोडे पहिल्यात. खजूर आठव्यात.
माणसाचे केस पाचव्यात,
पण त्यांचा टोप झाला की सदुसष्टाव्यात.
सत्त्याहत्तरावं कोरं आहे,
पुढेमागे लागेल म्हणून राखून ठेवलेलं.
तिथे मी चहाचा कप ठेवते.

काम सांगायला सोपं:
दिल्लीत आकडा हलतो, मी इथे कळवते.
ठक्करांना बदाम, लुल्लांना चष्म्याच्या काचा,
धोबीतलावच्या मिसेस डिमेलोंना पियानोच्या तारा.
त्या वर्षाला दोनच बंडलं मागवतात
आणि दर वेळी विचारतात, "धुरू, आता किती?"
जणू जकात मीच लावते.

पूर्वी सायक्लोस्टाइल होतं.
तांडेल शिपाई थैली घेऊन मशीद बंदरभर फिरायचा.
कागद त्याने कधी वाचला नाही,
पण संध्याकाळी येऊन सांगायचा,
"बाई, आज वाढलं वाटतं.
पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी."
मग फॅक्स आला, त्याची अक्षरं वर्षभरात उडून जायची.
आता अंगठा दाबला
की अडीचशे खिशांत एकदम वाजतं.

अधिसूचनेची भाषा मला आवडते.
ती रागवत नाही, समजूत काढत नाही.
"'वीस टक्के' या शब्दांऐवजी
'तीस टक्के' हे शब्द वाचावेत."
वाचावेत. संपलं.
वडील गेले त्या महिन्यात
दूधवाल्याच्या वहीत मीही तसंच लिहिलं होतं:
'एक लिटर'ऐवजी 'अर्धा' वाचावे.
त्याने वाचलं.

परकारांचं सांगायचं राहिलं.

गुरुवार होता. रात्रीचे अकरा अडतीस.
खजुराचा आकडा हलला, उद्यापासून लागू.
परकारांचं जहाज न्हावा शेव्याला लागलेलं,
कागद तयार, फक्त भरायचे बाकी.
बाराच्या आत भरले असते तर जुना दर.
बावीस मिनिटं.
सगळ्यांना कळवलं
आणि त्यांच्या नावाशी थांबले.
त्यांना मेसेज दिसत नसे, फोनच करावा लागे.
म्हटलं, सत्तरी उलटलेला माणूस,
रोजे आठवड्यावर आलेत, झोपला असेल,
एवढ्या रात्री घंटा वाजली तर दचकेल.
सकाळी सांगू.

सकाळी सांगितलं.
ते तीन माळे चढून आले.
खुर्चीत टेकले, दम खाल्ला,
चहा घेतला, कप पुस्तकावरच ठेवला.
नुकसान किती ते त्यांनी विचारलं नाही.
मी ते पाकिटाच्या पाठीवर मांडलं होतं,
हळूच पाकीट उलटं केलं.
"किती वाजता आलं?"
अकरा अडतीस.
त्यांनी नुसती मान हलवली.
"मी जागाच होतो, बाई.
गच्चीत बसलो होतो. झोप कुठे येते हल्ली."

तेव्हापासून मी रात्री फोन करते.
कुणी दचकतं, कुणाची बायको शिव्या घालते.
एकदा एका घरात मयत होती,
मला ठाऊक नव्हतं.
मुलाने आकडा शांतपणे लिहून घेतला,
पुन्हा एकदा म्हणून दाखवला.

पुस्तक दरवर्षी नवं येतं, जुनं रद्दीत जातं.
त्या सालचं तेवढं मी दिलेलं नाही.

परकार आता नाहीत. धंदा मुलगा बघतो.
तो म्हणतो, "फोन कशाला, धुरूबाई,
मेसेज टाका, मी बघतो ना."
मी बरं म्हणते.
मेसेज टाकते.
मग फोन करते.